‘डेथ विश’ : न सापडलेले गुन्हेगार आणि सापडलेले



मागच्या व्याख्यानात आपण जॉन लॉकपाशी थांबलो होतो. माणसांनी राज्यसंस्था का स्वीकारली, या प्रश्नाला लॉकने दिलेलं उत्तर आपण पाहिलं. स्वतःच्या खटल्यात कोणीही स्वतः न्यायाधीश होऊ नये, हे त्या उत्तराचं सार. आज तोच धागा धरून दोन चित्रपटांविषयी बोलायचं आहे. तत्त्वज्ञानाचा निवृत्त मास्तर गोळीबाराच्या सिनेमावर काय बोलणार, असं काहींना वाटेल. संयोजकांना विषय कळवताना आम्हालाही जरा संकोच वाटला होता. पण काही प्रश्न ग्रंथांपेक्षा अशा धंदेवाईक सिनेमांतच उघडे पडतात, असं आमचं मत आहे.

चित्रपटाचं नाव ‘डेथ विश’, साल १९७४. दिग्दर्शक मायकेल विनर, नायक चार्ल्स ब्रॉन्सन. पुढे त्याचे आणखी चार भाग आले : १९८२, १९८५, १९८७ आणि १९९४ साली. पाचही भागांत पॉल कर्सी हा नायक ब्रॉन्सननेच रंगवला. मग २०१८ साली इलाय रॉथ या दिग्दर्शकाने ब्रूस विलिसला घेऊन त्याच नावाने नवी आवृत्ती काढली. गोष्ट दोन वाक्यांत सांगता येते. सज्जन, सुशिक्षित माणसाच्या घरात गुंड शिरतात, बायको मारली जाते, मुलीची दुर्दशा होते. पोलीस काही करू शकत नाहीत, आणि हा माणूस पिस्तूल घेऊन रात्री रस्त्यावर उतरतो.

आम्ही पहिला ‘डेथ विश’ पाहिला तो ऐंशीच्या दशकात, भाड्याने आणलेल्या व्हिडिओ कॅसेटवर. चार-पाच जण होतो, सगळे शिकवणारे. सिनेमा संपला, सगळे खूश. आणि मग आमच्यातला एक जण म्हणाला, “अरे, पण त्या तिघांचं काय झालं?”

कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. कर्सीच्या बायकोला मारणारे ते तिघे पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत पडद्यावरून जातात ते पुन्हा येतच नाहीत. (त्यांतला एक म्हणजे तरुण जेफ गोल्डब्लम, त्याचा हा पहिलाच चित्रपट.) कर्सीला ते सापडत नाहीत, आणि तो त्यांना शोधतसुद्धा नाही. तो मारतो ते दुसरेच. उद्यानात अडवणारे, भुयारी रेल्वेत सुरा काढणारे, गल्लीत कोणाला तरी लुबाडणारे. त्यांनी कर्सीच्या कुटुंबाचं काहीही केलेलं नसतं.

म्हणजे मग हा सूड आहे का? रॉबर्ट नोझिक या अमेरिकन तत्त्वज्ञाने सूड आणि शिक्षा यांत फरक केला आहे. सूड ‘माझ्या’ नुकसानीचा असतो, तो घेणाऱ्याचा त्या अपराध्याशी वैयक्तिक हिशेब असतो. शिक्षा ही अपराधाबद्दल असते, देणाऱ्याचं काही वैयक्तिक देणंघेणं नसतं, आणि तिला मर्यादा असते. १९७४ चा कर्सी यांपैकी कोणत्याच खान्यात बसत नाही. ज्यांच्यावर राग आहे ते समोर नाहीत, आणि जे समोर आहेत त्यांचा अपराध मृत्युदंडाचा नाही. आमच्या मते त्या सिनेमाची खरी ताकद या अडचणीत आहे. दिग्दर्शकाला ती कितपत कळली होती हा भाग वेगळा.

हा असा माणूस १९७४ सालीच का जन्मला, हेही पाहायला हवं. साठच्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्क शहरात वर्षाला सुमारे पाचशे खून होत. १९७२ मध्ये तो आकडा सोळाशेच्या वर गेला होता. शहर कर्जात बुडत होतं, आणि १९७५ साली ते दिवाळखोरीच्या दाराशी पोहोचलं. त्या वर्षी नोकरकपातीच्या विरोधात पोलिसांच्या संघटनांनीच एक पत्रक छापलं. पर्यटकांना वाटण्यासाठीच्या त्या पत्रकाच्या मुखपृष्ठावर मानवी कवटी होती, आणि मथळा होता ‘भयनगरीत आपले स्वागत’ अशा अर्थाचा. पोलीसच जिथे भीती वाटत होते, तिथे प्रेक्षकांनी चित्रपटगृहात टाळ्या वाजवल्या, यात नवल नाही. समीक्षकांनी मात्र सिनेमाला झोडपलं. न्यूयॉर्क टाइम्सच्या व्हिन्सेंट कॅनबी यांनी तर त्याच्यावर फार कठोर लिहिलं.

मूळ कादंबरी ब्रायन गारफिल्डची, १९७२ ची. मॅनहॅटनमध्ये उभ्या केलेल्या त्यांच्या गाडीचं कापडी छत कोणीतरी सुरीने फाडलं. त्या क्षणी आलेला संताप त्यांनी नंतर थंड डोक्याने तपासला, आणि त्यातून कादंबरी झाली. तिचा नायक हिशेबनीस आहे आणि तो हळूहळू बिघडत जातो. चित्रपटासाठी आधी दिग्दर्शक सिडनी ल्युमेट आणि नट जॅक लेमन यांची नावं होती. लेमन म्हणजे चिंतातुर, घामेजलेला, शेजारच्या घरात शोभेल असा माणूस. त्याच्या जागी दगडी चेहऱ्याचा ब्रॉन्सन आला आणि अर्धा अर्थ तिथेच बदलला. गारफिल्डना चित्रपट आवडला नाही. त्यांनी १९७५ मध्ये ‘डेथ सेंटेन्स’ ही पुढची कादंबरी लिहिली, ती जणू प्रायश्चित्त म्हणून.

तरीही पहिल्या सिनेमात कादंबरीचा काही अंश उरला आहे. कर्सी कोरियन युद्धात शस्त्र घ्यायला नकार देऊन वैद्यकीय पथकात गेलेला आहे. पहिलं हत्यार म्हणून तो मोज्यात नाण्यांच्या गुंडाळ्या भरतो. एका लुटारूला त्याने हाणतो, आणि घरी येऊन त्याचे हात थरथरतात. पहिला माणूस मारल्यावर त्याला ओकारी होते. पुढे मात्र ओकारी थांबते. आणि मग तो काय करतो? रात्री एकटा, मुद्दाम, निर्जन जागी फिरतो. हॉटेलात नोटांचं पाकीट सगळ्यांना दिसेल असं उघडतो.

इथे लॉक पुन्हा आठवावा लागतो. लॉकने चोराला ठार मारण्याची मुभा दिलेली आहे, हे आपल्यापैकी पुष्कळांना माहीत नसतं. पण तिला एक अट आहे : हल्ला होत असताना कायद्याकडे दाद मागायला वेळच नसला पाहिजे. चोरी करून झाल्यावर मात्र त्याला मारता येत नाही, न्यायालयात जावं लागतं. आता कर्सीची युक्ती बघा. तो लॉकची अट मोडत नाही, ती अट तयार करतो. स्वतःला आमिष म्हणून बांधतो, वाघासाठी बोकड बांधावा तसा. आणि बोकडाच्या जागी तो स्वतः, मचाणावरही तो स्वतःच. प्रत्येक गोळी स्वसंरक्षणाची ठरावी अशी व्यवस्था तो रोज संध्याकाळी करतो. कायद्याचं कलम पाळून कायद्याचा जीव घ्यायचा, असा हा प्रकार.

आणि शेवट? पोलीस अधिकारी ओचोआ त्याला शोधून काढतो. पण वरिष्ठांना तो तुरुंगात नको असतो. कारण शहरातली लूटमार अर्ध्यावर आलेली असते. त्याला पकडलं तर तो हुतात्मा होईल, आणि तो नुसता गेला आहे असं जाहीर केलं तर लुटारू पुन्हा बाहेर पडतील. म्हणून त्याला गुपचूप गाव सोडायला लावतात. राज्यसंस्था इथे हरलेली नाही, ती सौदा करते. आपल्या हातून न झालेलं काम दुसऱ्याने केलं, त्याची पावती न फाडता फायदा खिशात घालते. आमच्या मते सबंध मालिकेतलं सगळ्यांत भेसूर दृश्य ते आहे, आणि त्यात एकही गोळी सुटत नाही.

पुढच्या भागांवर फार वेळ घालवण्यात अर्थ नाही. निर्मिती कॅनन फिल्म्सकडे गेली, आणि तिसऱ्या भागात तर मशिनगन, रॉकेट असं सगळं आलं. चित्रीकरण बरंचसं लंडनमध्ये, आणि म्हणायचं न्यूयॉर्क! पण दुसऱ्या भागातली एक गोष्ट नोंदवून ठेवू. १९८२ च्या त्या भागात कर्सी प्रथमच नेमक्या अपराध्यांना शोधून एकेकाला मारतो. हे थोड्या वेळाने लागेल.

मधल्या काळात पडद्यावरचं पडद्याबाहेर आलं होतं. २२ डिसेंबर १९८४ रोजी न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत बर्नहार्ड गेट्झ नावाच्या माणसाकडे चार कृष्णवर्णीय तरुणांनी पैसे मागितले. त्याने चौघांवर गोळ्या झाडल्या. चौघेही वाचले, पण एक जन्माचा अपंग झाला. वृत्तपत्रांना ‘डेथ विश’ची आठवण झाली, आणि शहरातले पुष्कळ लोक गेट्झच्या बाजूने उभे राहिले. १९८७ मध्ये ज्यूरीने त्याला खुनाच्या प्रयत्नाच्या आरोपातून सोडलं; शिक्षा झाली ती बेकायदा शस्त्र बाळगल्याची. अपंग झालेल्या तरुणाच्या दाव्यात मात्र १९९६ साली दुसऱ्या ज्यूरीने ४.३ कोटी डॉलरची भरपाई ठरवली. एकच घटना, दोन ज्यूरी. मधल्या नऊ वर्षांत शहराची भीती ओसरू लागली होती, हे त्यामागचं एक कारण असावं असं आम्हाला वाटतं.

आपल्याकडेही हे लोण आलं. १९८४ चा ‘आज की आवाज़’ आठवत असेल : रवी चोप्रांचं दिग्दर्शन, राज बब्बर, स्मिता पाटील. तिथे हा माणूस प्राध्यापक झाला. आमच्या व्यवसायाचा तेवढाच सन्मान! असो.

आता २०१८. शहर शिकागो. कर्सी आता शल्यविशारद आहे, गोळ्या लागलेल्यांना वाचवणारा. सुरुवातीलाच एक पोलीस त्याच्यापुढे मरतो, आणि हा त्याला मारणाऱ्याचा जीव वाचवायला निघतो. कल्पना उत्तम आहे. ज्या हातांनी गोळ्या काढल्या ते हात गोळ्या घालू लागले, तर त्या माणसाच्या आत काय होत असेल? पण दिग्दर्शक तिकडे वळतच नाही. पडदा दुभंगतो : एका बाजूला शस्त्रक्रिया, दुसऱ्या बाजूला पिस्तूल भरायचा सराव, मागे दणदणीत गाणं. ओकारी नाही, थरथर नाही. प्रश्न होता, त्याचा ठेका झाला.

सुरुवातीला एक-दोन प्रसंग जुन्या धर्तीचे आहेत. मग एक जखमी तरुण त्याच्या टेबलावर येतो, आणि त्याच्या मनगटावर कर्सीचंच चोरीला गेलेलं घड्याळ असतं! तिथून सगळं सरळ होतं. त्याच्या फोनवरून पुढचा धागा, त्यावरून पुढचा माणूस, एकेक करत शेवटच्या अपराध्यापर्यंत. मूळ चित्रपटात मुलगी कायमची हरवते, इथे ती बेशुद्धीतून उठते आणि कॉलेजला जाते. अखेरची चकमक त्याच्याच घरात, रीतसर विकत घेतलेल्या बंदुकीने. पोलिसांना डोळेझाक करायलासुद्धा फारसे कष्ट पडत नाहीत. नाव पहिल्या भागाचं, पण रक्त दुसऱ्या भागाचं, असा हा वारसा आहे.

काही जण म्हणतील, हे अधिक न्याय्य नाही का? निदान मारले गेले ते खरे अपराधी. हा आक्षेप हलका नाही. पण विचार करा, हे कोणी घडवून आणलं? पटकथालेखकाने. घड्याळ त्या मनगटावर त्यानेच बांधलं. खऱ्या जगात कायदा हातात घेणाऱ्याला असं घड्याळ मिळत नाही. त्याला मिळतो तो समोर आलेला माणूस. १८५१ साली सॅन फ्रान्सिस्कोत व्यापाऱ्यांनी दक्षता समिती काढून चौघांना फासावर दिलं, तेव्हाही हीच अडचण होती : आरोप करणारा, तपासणारा आणि फाशी देणारा एकच. १९७४ चा चित्रपट ही अडचण झाकत नाही, नव्याने ती काढूनच टाकली.

नव्या चित्रपटात पोलीस ठाण्याची एक भिंत आहे, उलगडा न झालेल्या खुनांच्या चिठ्ठ्यांनी भरलेली. ती खोटी नाही. २०१६ मध्ये शिकागोत साडेसातशेहून अधिक खून झाले आणि त्यांतल्या बहुतेकांचा छडा लागला नाही. पण मेलेले बहुतेक शहराच्या दक्षिण आणि पश्चिम भागांतल्या गरीब वस्त्यांतले, कृष्णवर्णीय. चित्रपट त्यांची भिंत उसनी घेतो आणि कैवार मात्र एका श्रीमंत गोऱ्या डॉक्टरचा घेतो. रेडिओवरचे निवेदक वंशाचा प्रश्न काढतात, दोन वाक्यं बोलतात, आणि गाणं लागतं. चित्रपट प्रदर्शित झाला २ मार्च २०१८ रोजी. फ्लोरिडातल्या पार्कलंडच्या शाळेत सतरा जणांचा बळी गेला त्याला जेमतेम दोन आठवडे झाले होते. त्याच वर्षाच्या अखेरीस गारफिल्ड वारले.

शेवटची खूण दोन्हींत एकच आहे : बोटांचं पिस्तूल करून कर्सी एका गुंडाकडे रोखतो आणि हसतो. १९७४ मध्ये तो न्यूयॉर्कहून शिकागोला आलेला असतो, २०१८ मध्ये शिकागोहून न्यूयॉर्कला. जुना ब्रॉन्सन हसतो तेव्हा अंगावर काटा येतो, कारण हा माणूस आता थांबणार नाही हे कळतं. विलिस हसतो तेव्हा निरोप घेतल्यासारखं वाटतं.

प्रश्नोत्तरांकडे वळण्याआधी एक घरची गोष्ट सांगतो. नव्वदच्या आसपास आमच्या सोसायटीत एका महिन्यात तीन घरफोड्या झाल्या. मग एका रात्री दोनच्या सुमाराला खाली आरडाओरडा. सतरा-अठरा वर्षांचा एक पोरगा पाण्याच्या टाकीशी सापडला होता. त्याला खांबाला बांधलं आणि ओळखीचे, सभ्य, बँकेत आणि कचेऱ्यांत काम करणारे लोक त्याला पट्ट्याने मारत होते. आम्ही दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत उभे. पत्नी म्हणाली, “अहो, तुम्ही खाली जा ना. तुमचं ऐकतील.” आम्ही म्हणालो, पोलिसांना फोन केलाय कोणीतरी. त्या सत्रात आम्ही एम. ए.च्या वर्गाला लॉकच शिकवत होतो. गॅलरीतून हललो नाही. जीप आली ती पाऊण तासाने.

आधीच्या तीन घरफोड्या त्यानेच केल्या होत्या का, हे त्याला त्या पाऊण तासात कोणी विचारलं नाही. नंतरही कोणी चौकशी केली नाही. चोऱ्या मात्र पुढे काही महिने झाल्या नाहीत. गणपतीच्या बैठकीत सेक्रेटरी म्हणाले, “बघा सर, थांबल्या की नाही?”

आणि आम्ही मान हलवली होती. होकारार्थी.

आता तुमचे प्रश्न घेऊ या.