बालाघाटातील लांडगा आणि त्याची शिकार

मराठवाड्याच्या इतिहासलेखनात सत्तांतरे, देवस्थाने आणि दुष्काळ यांना जे स्थान लाभले, ते माळरानाला लाभलेले नाही. बीड जिल्ह्याच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते. बालाघाटाच्या रांगेने या जिल्ह्याचे दोन स्वाभाविक भाग पाडले आहेत. उत्तरेस गोदावरीकाठची काळी, सखल जमीन. दक्षिणेस व पश्चिमेस पाटोदा, आष्टी, केज या बाजूंचे उथळ मातीचे पठार. या पठारावर शेतीइतकेच मेंढपाळीलाही महत्त्व होते, आणि जेथे मेंढी होती तेथे लांडगाही होता. लांडगा मागे हटला तो शिकारीमुळे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती कितपत टिकते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

दख्खनच्या लांडग्याला शास्त्रीय नाव मिळाले ते १८३१ साली. मुंबई इलाख्याच्या लष्करातील अधिकारी कर्नल विल्यम साइक्स यांनी दख्खनमधील सस्तन प्राण्यांची जी यादी प्रसिद्ध केली, तीत या प्राण्याचे वर्णन असून मराठे त्याला लांडगा म्हणतात अशी नोंदही आहे. कोल्हा आणि कोळसुंदा यांचीही मराठी नावे तेथे आढळतात. गावकरी या तिन्ही प्राण्यांना स्पष्टपणे वेगळे ओळखत होते, हे यावरून दिसते. पुढे सरकारी दप्तरात मात्र हा भेद नेहमीच तितक्या काटेकोरपणे पाळला गेला असे मानण्यास आधार नाही.

ब्रिटिश हिंदुस्थानात हिंस्र श्वापदे मारणाऱ्यास रोख बक्षीस देण्याची पद्धत होती. मारलेल्या जनावराचे मुंडके, कातडे किंवा शेपटी कचेरीत आणून दाखविली की रक्कम मिळे. महेश रंगराजन यांनी या नोंदींवरून केलेल्या मोजदादीप्रमाणे १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत सुमारे ८०,००० वाघ, दीड लाखांवर बिबटे आणि दोन लाख लांडगे मारले गेले. लांडग्यांचा आकडा सर्वांत मोठा आहे, ही गोष्ट लक्षणीय होय. वाघाच्या शिकारीची वर्णने, छायाचित्रे व आठवणी विपुल आहेत. लांडग्याच्या वाट्याला बव्हंशी केवळ हिशेबाची ओळ आली.

हे आकडे वापरताना दोन पथ्ये पाळली पाहिजेत. पहिले असे की, बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. तेव्हा ब्रिटिश मुलखाचे आकडे त्याला जसेच्या तसे लागू करता येत नाहीत. दुसरे पथ्य अधिक महत्त्वाचे आहे. बक्षिसाची नोंद ही किती रक्कम दिली गेली याची नोंद असते. गुहेतच मेलेली पिल्ले तीत येत नाहीत. उलट लांडग्याच्या नावावर खपविलेला कोल्हा तीत येऊ शकतो. आणि किती मेंढ्या वाचल्या, हा प्रश्न तर त्या वहीत विचारलेलाच नाही.

तो प्रश्न मेंढपाळाचा होता, आणि त्याचे उत्तर त्याने बक्षिसावर सोपविलेले नव्हते. धनगराचा वाडा शेतात उतरला की सायंकाळी वाघर लावावयाची, म्हणजे जाळ्याच्या कुंपणात मेंढरे कोंडावयाची. भोवती कुत्री सोडावयाची. आणि घरातील माणसांनी आळीपाळीने जागावयाचे. शेतकऱ्याला लेंडीखत हवे असे आणि धनगराला त्याबद्दल धान्य किंवा पैसा मिळे. त्यामुळे ही राखण दोघांच्याही हिताची होती. लांडग्याची गुहा सापडल्यास तोंड बुजवून किंवा धूर कोंडून पिल्ले मारण्याची रीतही होती. तिची क्रूरता झाकण्याचे कारण नाही. तथापि ही शिकार आपल्या वाड्यापुरती होती. लांडगा मुलखातून नाहीसा करावा, ही कल्पना कचेरीची होती. मेंढपाळाला तो कळपापासून दूर राहिला म्हणजे पुरे होते.

येथे अमेरिकेतील एक उदाहरण उद्बोधक ठरते. तेथे १९१५ पासून केंद्र सरकारने पगारी शिकारी नेमून लांडगा आणि कोयोटी हा कोल्ह्यासारखा प्राणी, या दोहोंविरुद्ध मोहीम चालविली. लांडगा देशाच्या बहुतेक भागातून नष्ट झाला. कोयोटी मात्र मूळच्या पश्चिमेकडील प्रदेशातून विसाव्या शतकात अटलांटिक किनाऱ्यापर्यंत पसरला. शस्त्रे तीच आणि वैरही तेच असता परिणाम परस्परविरुद्ध झाला. याचा अर्थ असा की, प्राण्याचे भवितव्य केवळ बंदुकीने ठरत नाही. बदललेल्या भूमीत त्याला राहता येते की नाही, यानेही ते ठरते. आपल्याकडेही कोल्ह्याने उसाच्या फडाशी व गावकुसाशी जुळवून घेतले. मोकळ्या माळावर वावरणाऱ्या लांडग्याला ते तितके साधले नाही.

बीडच्या माळरानाचा इतिहास या दृष्टीने पाहावयास हवा. माळावरचे काळवीट हे लांडग्याचे मूळ भक्ष्य. काळवीट विरळ होत गेले तसतसा लांडगा शेळ्यामेंढ्यांवर अधिकाधिक अवलंबून राहू लागला. स्वातंत्र्योत्तर काळात विहिरी, मोटारपंप व ऊस यांनी शेतीचा विस्तार केला आणि चराऊ पडीक जमीन नांगराखाली गेली. गायरानांचा प्रश्न यात मिसळलेला आहे, आणि तो न्यायाचा प्रश्न आहे. भूमिहीन दलितांनी दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली जमिनीसाठी सत्याग्रह केले. पुढे १९९१ च्या शासननिर्णयाने गायरानावरील त्यांच्या काही जुन्या वहिवाटी मान्य केल्या. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या जमीन नाकारली गेली, त्यांच्या चार एकरांवर लांडग्याच्या ऱ्हासाचे खापर फोडणे इतिहासाला धरून होणार नाही. गवताळ जमीन म्हणजे रिकामी जमीन, ही महसुली दृष्टी त्याहून जुनी आणि अधिक व्यापक आहे. तिने मेंढपाळाचे चराऊ रान आणि लांडग्याचे वसतिस्थान एकाच वेळी हिरावून घेतले.

१९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने बक्षिसाची परंपरा उलटी केली. आज लांडगा पहिल्या अनुसूचीत असून, माणसाच्या जिवाला धोका असल्यास किंवा प्राणी असाध्य जखमी वा रोगग्रस्त असल्यासच मुख्य वन्यजीव रक्षकाला त्याच्या शिकारीची परवानगी देता येते. २०२० साली आष्टी व करमाळा तालुक्यांत माणसे मारणारा बिबट्या त्या वर्षीच्या डिसेंबरात गोळी घालून मारण्यात आला, तो अशाच तरतुदीनुसार. मेंढी गेल्यास मात्र नुकसानभरपाईचाच मार्ग उरतो, आणि त्यासाठी ठरल्या मुदतीत वर्दी व पंचनामा आवश्यक असतो. ज्याचा वाडा दोन दिवसांत पुढच्या शिवारात जातो, त्याला ही अट पाळणे किती कठीण आहे हे सांगावयास नको. कायदा बदलला, परंतु फिरत्या मेंढपाळाला कचेरीच्या वहीत जागा नाही, ही जुनी स्थिती फारशी बदललेली नाही.

भारतात आज लांडग्यांची संख्या सुमारे ३,००० मानली जाते. वाघांहून ती कमी आहे. सोलापूर जिल्ह्यात नान्नजच्या माळावर लांडग्याचा अभ्यास झाला. माळढोकासाठी राखलेल्या त्या गवताचा लाभ लांडग्यालाही मिळाला, ही गोष्ट वरील विवेचनास पुष्टीच देते.

सारांश, बीडच्या लांडग्याची कथा ही शिकाऱ्यांची कथा म्हणून सांगता येणार नाही. बक्षिसांनी लांडगे मेले हे खरे. पण मेलेल्यांची जागा नव्या पिढीने भरून काढावी यासाठी जे रान लागते, ते नांगराने नेले. या विषयाची साधने केवळ वन खात्याच्या दप्तरात शोधून भागणार नाही. गावोगावची गायरान-पत्रके, पाहणीपत्रके आणि वृद्ध मेंढपाळांच्या तोंडी असलेल्या वाटा व मुक्काम यांची नोंद एकत्र ठेवून वाचली पाहिजे. पत्रके दप्तरात राहतील. मुक्कामांची नावे मात्र, वाडे उतरण्याचे थांबत असता, सांगणाऱ्यांबरोबरच संपत आहेत. आपल्या विद्यार्थ्यांनी संशोधनाचा आरंभ तेथूनच करावा.