अवतार, देह आणि पुनरुत्थान : मराठी ख्रिस्ती आख्यानकाव्यापुढील एक प्रश्न

एखादा धर्म नव्या भाषेत प्रवेश करतो तेव्हा त्याची पहिली गाठ त्या भाषेतील माणसांशी पडण्याआधी तिच्यातील शब्दांशी पडते. ख्रिस्ती धर्माच्या मराठीतील आगमनाचा इतिहास प्रायः मिशन, छापखाना आणि शाळा यांच्या अनुषंगाने सांगितला जातो. परंतु वाङ्मयाच्या दृष्टीने पाहिल्यास त्याचा गाभा दोन शब्दांत आहे. ईश्वर मनुष्य झाला, हे मराठीत कोणत्या शब्दाने सांगावयाचे? आणि मरणानंतर मनुष्याने कशाची आशा धरावयाची?

पहिल्या प्रश्नाला मराठीजवळ तयार उत्तर होते : अवतार. शब्द सुलभ, सर्वपरिचित आणि भक्तीने भारलेला; आणि नेमका म्हणूनच अडचणीचा. अवतार युगायुगांत पुनःपुन्हा होतो. कार्य संपले की तो निजधामास परततो. ख्रिस्ती मताप्रमाणे ईश्वराचे मनुष्यत्व एकदाच घडले, आणि एकदा घडल्यावर ते टाकले गेले नाही. 451 मध्ये कॅल्सेडन येथील धर्मपरिषदेने ख्रिस्ताच्या ठायी ईश्वरत्व आणि मनुष्यत्व ही दोन्ही परिपूर्ण असून त्यांचा संकर होत नाही व विभागही पडत नाही, असा निर्णय दिला. याचा अर्थ असा की बेथलेहेममधील तान्हे मूल ही लीला नव्हे. त्या देहाला भूक लागते, तो थकतो, रडतो आणि खरोखर मरतो.

दुसरा प्रश्न यातूनच उद्भवतो. देह हे केवळ पांघरलेले वस्त्र असेल तर ते टाकण्यातच सुटका आहे. परंतु ईश्वराने देह खरोखर स्वीकारला असेल, तर देहाचेही काही भवितव्य असले पाहिजे. शुभवर्तमानांतील पुनरुत्थित ख्रिस्त हातापायांवरील खिळ्यांचे व्रण घेऊन शिष्यांना भेटतो, आणि संत पौल शेतात पेरलेल्या व नव्या रूपाने उगवणाऱ्या दाण्याचा दृष्टान्त देतो. जन्ममरणाच्या फेऱ्यातून मुक्ती ही ज्या भाषेतील संतवाणीची चिरंतन आकांक्षा, तिच्यात 'मेलेला देह उठेल' ही आशा बोलून दाखविणे म्हणजे प्रवाहाविरुद्ध पोहणे होते.

हा प्रयत्न प्रथम मोठ्या प्रमाणावर केला तो फादर थॉमस स्टीफन्स यांनी. विल्टशायरमध्ये जन्मलेला हा इंग्रज जेझुइट 1579 च्या ऑक्टोबरात गोव्यात उतरला. त्यापूर्वी अवघी सहा वर्षे, 1573 मध्ये, एकनाथांनी काशीत भागवताच्या एकादश स्कंधावरील आपली टीका पूर्ण केली होती. ओवी त्या वेळी मराठीच्या पूर्ण ताब्यात होती. स्टीफन्सनी तीच उचलली. 1616 मध्ये राशोल येथे छापलेल्या त्यांच्या ग्रंथाची, 'क्रिस्तपुराणा'ची, ओवीसंख्या 10,962 आहे. पहिले पुराण 'जुन्या करारा'च्या कथेचे, 4,296 ओव्यांचे. दुसरे ख्रिस्तचरित्राचे, 6,666 ओव्यांचे. स्वर्गासाठी त्यांनी 'वैकुंठ' हा शब्द निःसंकोचपणे वापरला. उलट पवित्र आत्म्यासाठी मात्र 'स्पिरितु सांतु' हे परके नावच कायम ठेवले. कोठे उसने घ्यावयाचे आणि कोठे थांबावयाचे याविषयीचा त्यांचा विवेक या दोन निवडींत स्पष्ट दिसतो.

हा ग्रंथ ज्या श्रोत्यांसाठी झाला त्यांची स्थिती विसरून चालणार नाही. साष्टीतील देवळे 1567 मध्ये पाडली गेली होती. जुनी पुराणे नवख्रिस्ती घरांतून गेली होती, आणि त्यांच्या जागी काहीच आले नव्हते. ग्रंथारंभी श्रोतेच पाद्रीकडे आपल्यासाठी एखादे पुराण मागतात. हा निव्वळ काव्यसंकेत नव्हे. त्यामागे खरीखुरी पोकळी होती. ज्या सत्तेने ती निर्माण केली तिच्याच आश्रयाने स्टीफन्सनी ती भरली, ही विसंगती ग्रंथाच्या माधुर्याने पुसली जात नाही. पुढे 1684 च्या फर्मानाने याच सत्तेने लोकभाषेवरही घाला घातला. तरीही मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी पुराण जतन केले. पहिल्या तीन आवृत्त्यांची एकही प्रत आज ज्ञात नसताना 1907 मध्ये जोसेफ साल्डाना यांनी मंगळुरात ते रोमन लिपीत छापले, आणि 1956 मध्ये शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती पुण्यात निघाली.

स्टीफन्सनी पुराणाचा साचा घेतला खरा, पण साचा म्हणजे रिकामे भांडे नव्हे. त्यात काय ओतावे याविषयी त्याच्या स्वतःच्या काही अपेक्षा असतात. अवतारकथेचा शेवट परंपरेने ठरलेला आहे. राम शरयूत प्रवेश करतो. कृष्णाला व्याधाचा बाण लागतो. महाभारताच्या मौसलपर्वात अर्जुन त्याच्या देहाला अग्नी देतो, तर भागवताच्या टीकाकारांच्या मते तो देह न जाळताच स्वधामी जातो. म्हणजे 'अवताराच्या देहाचे अखेर काय होते' हा प्रश्न हिंदू परंपरेलाही अपरिचित नव्हता; तिने त्याची एकाहून अधिक उत्तरे दिली. परंतु त्या कथांत देहाचा शेवट हा उपसंहार असतो. क्रिस्तपुराणात तो मध्यबिंदू होतो. क्रूसावरील मरण, थडगे आणि तिसऱ्या दिवसाची पहाट यांकडे सारे आख्यान ओढले जाते. श्रोत्याला ओळखीच्या ओवीतून चालत असताना अनोळखी ठिकाणी पोहोचल्याचा अनुभव येतो. जे काम एका शब्दाने होण्यासारखे नव्हते ते कथेच्या रचनेने केले, आणि स्टीफन्स यांचे खरे कर्तृत्व येथे आहे.

अशी धडपड केवळ मराठीने केली असे नाही. मद्रासजवळच्या कोवलमपासून खाली नागपट्टणमपर्यंत पसरलेल्या चोळमंडलाच्या तमिळ मुलखातही तिची रूपे आढळतात. इटालियन जेझुइट बेस्की, म्हणजेच वीरमामुनिवर, यांनी 1726 मध्ये 'तेंबावणी' हे संत योसेफाचे महाकाव्य तमिळ काव्यशास्त्राला अनुसरून रचले. तंजावरात मराठा राजे दुसरे सरफोजी यांच्या काळी वेदनायक शास्त्री यांनी 'बेथलेहेम कुरवंजी' लिहिली. भविष्य सांगणारी कुरवंजी विरहिणीला प्रियकराच्या भेटीचे आश्वासन देते, हा या नाट्यप्रकाराचा संकेत. त्यातून शास्त्रींनी ख्रिस्ताची वाट पाहणाऱ्या मंडळीची आशा व्यक्त केली. प्रत्येक भाषेने आपले पात्र आपल्याच घरातून शोधले.

एकोणिसाव्या शतकात बायबलाच्या गद्य भाषांतराचे युग आले आणि शब्दाचा प्रश्न पुन्हा उघडा पडला. कारण भाषांतरकाराला कथेच्या रचनेचा आधार नसतो. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून संपूर्ण बायबल मराठीत आणण्याचे काम एकहाती केले. संस्कृतची एवढी अधिकारी विदुषी, पण तिचा कल हिंदू उपासनेचा गंध असलेले शब्द टाळून साध्या बायाबापड्यांना कळेल असे मराठी लिहिण्याकडे होता. स्टीफन्स परके असून आपले शब्द गोळा करीत होते. रमाबाई आपल्या असून ते बाजूला ठेवीत होत्या. 1921 मध्ये त्यांची एकुलती एक कन्या मनोरमा वारली. 1922 च्या एप्रिलमध्ये त्या स्वतः गेल्या. भाषांतर 1924 मध्ये प्रसिद्ध झाले. पुनरुत्थानाची वचने मराठीत आणणाऱ्या या हातांना अखेरीस लेकीचा वियोगही सोसावा लागला, हे लक्षात घेतले म्हणजे त्या भाषेच्या कोरडेपणाला निराळा अर्थ येतो. ज्याला दुःखाच्या काळी शब्दावर भार टाकावयाचा असतो, त्याला तो शब्द शोभिवंत असून भागत नाही.

नारायण वामन टिळकांनी उलट वाट धरली. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे मानले. आणि ख्रिस्तचरित्राला नाव दिले 'ख्रिस्तायन'. त्या एका नावात रामायणाची सारी परंपरा आली. पण टिळकांची विशेष साक्ष त्यांच्या अंत्यविधीत आहे. 9 मे 1919 रोजी ते वारले तेव्हा ख्रिस्ती रूढीप्रमाणे त्यांचे दफन न होता दहन झाले आणि अस्थी अहमदनगरला नेण्यात आल्या. देहाच्या पुनरुत्थानावर श्रद्धा ठेवणाऱ्या माणसाचा देह चितेवर गेला, हा अनेकांना विरोधाभास वाटेल. वस्तुतः त्यात श्रद्धेची परिसीमा आहे. आशा थडग्याच्या दगडावर विसंबत नाही. जो देह घडवितो तो राखेतूनही घडवील, असा तिचा अर्थ होतो.

'ख्रिस्तायन' मात्र दहाएक अध्यायांवर थांबले. ते पुढे नेले लक्ष्मीबाईंनी. पतीच्या धर्मांतराने पाच वर्षे ज्यांचा संसार उद्ध्वस्त झाला होता, ज्यांचे शिक्षण अक्षरओळखीच्या पलीकडे फारसे गेले नव्हते, त्या स्त्रीने चौसष्ट अध्यायांची भर घातली. काव्य 1938 मध्ये प्रसिद्ध झाले तेव्हा त्याही हयात नव्हत्या. एकनाथांचे भावार्थरामायण असेच अपुरे राहिले आणि गावबाने ते पूर्ण केले, याची येथे आठवण होते. मराठी आख्यानपरंपरेत कर्त्याच्या मृत्यूने ग्रंथ मरत नाही; दुसरा आवाज तो उचलून पुढे नेतो.

मराठी वाङ्मयेतिहासांत ख्रिस्ती वाङ्मयाला बहुधा एक स्वतंत्र प्रकरण मिळते आणि त्यातच ते बंदिस्त राहते. हे योग्य नव्हे. क्रिस्तपुराण एकनाथांच्या शेजारी, आणि ख्रिस्तायन रामायणांच्या ओळीत ठेवून वाचले पाहिजे. मग ख्रिस्ती कल्पनेने मराठीकडून काय घेतले एवढेच नव्हे, तर तिला काय विचारले, तेही दिसेल. देह टाकूनच सुटका आहे काय, हा तो प्रश्न. राशोलच्या पाद्रीने तो ओवीत विचारला, अहमदनगरच्या कवीने चितेवर, आणि त्याच्या विधवेने त्याच्या अपुऱ्या हस्तलिखितावर पुन्हा लेखणी ठेवून.