विद्युत वाहनांचे घरी चार्जिंग: घ्यावयाची काळजी

सप्टेंबर २०२२ मध्ये वसई येथे घराच्या दिवाणखान्यात रात्री चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट झाला. त्यात भाजलेल्या सात वर्षांच्या मुलाचा काही दिवसांनी मृत्यू झाला. विद्युत वाहनांच्या बॅटऱ्यांसाठीचे सुरक्षा निकष त्यानंतर डिसेंबर २०२२ पासून दोन टप्प्यांत अधिक कडक करण्यात आले. तरीही घरातील सवयींचे महत्त्व कायम आहे.

जागा: बॅटरी झोपण्याच्या खोलीत किंवा बाहेर पडण्याच्या वाटेवर चार्जिंगला लावू नये. मोकळी हवा असलेली, सावलीतील व कोरडी जागा निवडावी. सर्वजण झोपलेले असताना चार्जिंग टाळणे हिताचे.

उष्णता: लिथियम-आयन बॅटरीला अतिउष्णता मानवत नाही. जयपूरमधील दुर्गापुरा असो की विदर्भातील अकोला, उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. अशा वेळी वाहन उन्हातून आणताच चार्जिंग सुरू न करता बॅटरी निवू द्यावी.

वायरिंग: मोटारीसाठी भूसंपर्कन असलेला स्वतंत्र १६ अँपिअरचा सॉकेट, एमसीबी व गळती-संरक्षक स्विच परवानाधारक तंत्रज्ञाकडून बसवून घ्यावा. एक्स्टेंशन बोर्ड वापरू नये. अशा सॉकेटमधून तासाला सुमारे ३ युनिट वीज मिळते. त्यामुळे ३० युनिट क्षमतेची बॅटरी पूर्ण भरण्यास दहा तासांहून अधिक वेळ लागतो. एवढा वेळ तार तापत राहते, म्हणून जुने वायरिंग आधी तपासून घ्यावे.

चार्जर: उत्पादकाने दिलेलाच चार्जर वापरावा. बॅटरी फुगली, पाण्यात भिजली किंवा आपटली असल्यास चार्जिंग न करता सेवा केंद्राशी संपर्क साधावा. दररोज पूर्ण चार्ज करावी की ८० टक्क्यांवर थांबावे, हे बॅटरीच्या प्रकारावर अवलंबून असल्याने माहितीपुस्तिका पाहावी.

वीजजोडणी: घराच्या सध्याच्या जोडणीवर चार्जिंग करता येते, मात्र मंजूर भार पुरेसा असावा. फेब्रुवारी २०२४ मधील केंद्रीय नियमांनुसार ग्राहकाने मागणी केल्यास वीज वितरण कंपनीने वाहन चार्जिंगसाठी स्वतंत्र जोडणी देणे आवश्यक आहे. गृहनिर्माण संस्थांतील रहिवाशांना याचा विशेष उपयोग होतो.

आग लागल्यास बॅटरीला हात न लावता सर्वांनी तत्काळ बाहेर पडावे, शक्य असल्यास मुख्य स्विच बंद करावा आणि अग्निशमन दलाला १०१ क्रमांकावर कळवावे. आग विझल्यासारखी दिसली तरी अशी बॅटरी पुन्हा पेट घेऊ शकते.