घोड्याची मान आणि स्वाराचा हात



चौकातला एखादा अश्वारूढ पुतळा आठवा. घोड्याची मान कमानीसारखी वळलेली, कपाळ जवळजवळ उभ्या रेषेत. आता वरातीतला घोडा आठवा. मान त्याचीही वळलेली असते. पण लगाम आवळून ठेवल्यामुळे. दिसायला दोन्ही माना सारख्याच. त्यांत फरक कोणता, या एका प्रश्नावर युरोपातील अश्वविद्येने शतकानुशतके वाद घातला. त्याची हकीकत आज सांगावयाची आहे.

आधी थोडे शरीरशास्त्र सांगतो, त्यावाचून पुढचे कळावयाचे नाही. घोडा स्वस्थ उभा असता त्याचा निम्म्याहून अधिक भार पुढच्या पायांवर असतो. आपल्यासारखे हासळीचे हाड त्याला नाही; छाती दोन पायांच्या मध्ये स्नायूंच्या झोळीत टांगल्यासारखी असते. त्यात पाठीवर माणूस बसला म्हणजे पाठ दबते आणि पुढच्या पायांवरचा बोजा वाढतो. यावर उपाय एकच. घोड्याने मागचे पाय पोटाखाली घ्यावे, पुठ्ठे किंचित खाली घ्यावे आणि पाठ उचलावी. हे साधले की मान आपली आपण उंचावते, जबडा सैल होतो आणि तोंड खाली येते. म्हणजे मानेची कमान हे फळ. मूळ आहे ते मागच्या पायांत.

ही गोष्ट इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ग्रीक सेनानी झेनोफोन याने ओळखली होती. घोडा दुसऱ्या घोड्यांपुढे आपण होऊन जो तोरा मिरवतो, तोच स्वाराने त्याच्याकडून खुशीने करवून घ्यावा, असे त्याचे सांगणे होते. पण शहाणपण एकदा सापडले म्हणजे टिकतेच असे नाही. १५५० साली नेपल्सच्या फेदेरिको ग्रिझोने याचा ग्रंथ निघाला, त्यात शिक्षेचे प्रकार वाचून अंगावर काटा येतो. आपल्याकडेही घोडा शिकवणाऱ्याला शब्द आहे तो चाबुकस्वार! पुढे न्यूकॅसलच्या ड्यूकने अँटवर्पला परागंदा असताना, १६५८ साली, डोके आत वळवून बांधणारा खास लगाम प्रसिद्ध केला. पॅरिसच्या ला गेरिनिएरने १७३३ च्या ग्रंथात निराळी वाट दाखवली. भिंतीकडेने चालताना घोड्याचे खांदे थोडे आत घ्यावे. मग आतला मागचा पाय पोटाखाली येऊन भार उचलू लागतो. व्हिएन्नाच्या स्पॅनिश अश्वशाळेत आजही ही शिकवण प्रमाण मानतात.

आता या कथेतला खरा नायक. फ्रांस्वा बोशे, जन्म १७९६. हा सर्कशीत घोडे फिरवी. सरदार-दरकदारांना तेवढे कारण नाक मुरडायला पुरेसे होते. १८४२ साली त्याने आपली पद्धत छापली. त्याचे म्हणणे, अडचण घोड्याच्या विरोधात आहे. आधी तो विरोध मोडावा. म्हणून उभ्या घोड्याचा जबडा आणि मान हाताने वळवून वळवून मऊ करावी, आणि मग हात व पाय दोन्ही एकदम लावून त्याला मध्ये कोंडावे. त्याने घोडा मागे-मागे चौखूर दौडवून दाखवला, पॅरिस थक्क झाले. लष्करानेही प्रयोग करून पाहिले, पण पद्धत स्वीकारली नाही. प्रतिपक्षाचा पुढारी काउंट दोर म्हणे, घोड्याला पुढे जाऊ द्या! १८४७ साली सोम्यूरच्या लष्करी अश्वशाळेचे मुख्य शिक्षकपद दोरलाच मिळाले. माझ्या मते यात लष्कराची चूक नव्हती. रणांगणावर घोडा आधी पुढे गेला पाहिजे.

१८५५ साली रिंगणात बोशेच्या अंगावर झुंबर कोसळले. पाय जायबंदी झाला; लोकांपुढे घोडा फिरवणे संपले. पूर्वीची पायांची ताकद राहिली नव्हती, आणि मग या हट्टी माणसाने आपलीच पद्धत तपासावयास घेतली. हात लावाल तेव्हा पाय नको, पाय लावाल तेव्हा हात नको, असे तो आता शिकवू लागला. घोड्याने ऐकले की लगाम त्याच क्षणी सैल. पन्नाशी उलटल्यावर, एवढे नाव मिळाल्यावर, आपले छापलेले मत मागे घेणारे लोक कोणत्या विद्येत विपुल आहेत?

वाद मिटला, असे मात्र समजू नका. हनुवटी छातीला टेकेपर्यंत मान ओढण्याच्या प्रकारावर एवढी ओरड झाली की, २०१० साली आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाला बलप्रयोगाने तसे करणे अमान्य ठरवावे लागले.

बोशे आणि दोर या दोघांचाही शिष्य झालेला एक अधिकारी होता, लॉत. पुढे तो जनरल झाला. १८७३ साली बोशे अंथरुणाला खिळला असता तो भेटीस गेला. त्याने ही भेट आपल्या आठवणींत नोंदवली आहे. म्हाताऱ्याने त्याचा हात हाती घेतला, लगाम धरावा तसा ठेवला आणि दाबून स्थिर केला. नेहमी असे, म्हणाला. मग तोच हात लॉतच्या छातीकडे ओढून सांगितले, असे कधीही नाही.