हिवाळ्याविना वसंत : बंगळूरूची बहरमाला

शरद ऋतूत जमिनीत पुरलेला ट्यूलिपचा कंद वसंतात फुलतो. श्रीनगरला झबरवान पर्वताच्या पायथ्याशी २००७ साली खुल्या झालेल्या ट्यूलिप उद्यानाचे वेळापत्रक असेच आहे: लागवड शरदाच्या अखेरीस, बहर मार्च-एप्रिलमध्ये. मधला हिवाळा मात्र केवळ प्रतीक्षेचा काळ नव्हे. कंदातील कळी लागवडीपूर्वीच, उन्हाळ्याच्या उबेत, आकाराला आलेली असते. तिचा दांडा नीट वाढावा यासाठी १२ ते १६ आठवडे ५ ते ९ अंश सेल्सिअसच्या आसपासची थंडी लागते. ती न लाभल्यास फूल आखूड दांड्यावर खुरटते किंवा कंदातच सुकते. नेदरलँड्समधील वाखेनिंगेन येथे १९२०च्या दशकात आंतोन ब्लाऊ यांनी कंदाची वाढ आणि तापमान यांचे नाते पद्धतशीरपणे तपासले. फुलांचा हंगाम तापमानाच्या साहाय्याने पुढेमागे करण्याचे तंत्र अशा संशोधनावर उभे राहिले.

बंगळूरूला असा हिवाळा लाभलेला नाही. सुमारे ९०० मीटर उंचीवरील या शहरात जानेवारीचे सरासरी किमान तापमान १५ ते १६ अंशांच्या घरात असते. तेथील नोंदवलेला नीचांक ७.८ अंश, तोही १३ जानेवारी १८८४ या एका दिवसाचा. ट्यूलिपला तसा गारठा तीन महिने हवा.

तरीही या शहराने ऋतूनुसार रंगांची आखणी केली. ती कंदांनी नव्हे, वृक्षांनी. तिचे श्रेय प्रामुख्याने गुस्ताव्ह हेर्मान क्रुम्बीगल यांना दिले जाते. १८६५ मध्ये ड्रेस्डेनजवळ जन्मलेले हे उद्यानतज्ज्ञ लंडनच्या क्यू उद्यानात काम करून १८९३ मध्ये बडोद्याला सयाजीराव गायकवाडांच्या सेवेत आले. १९०८ मध्ये ते म्हैसूर संस्थानात गेले आणि बंगळूरूच्या लालबागेची धुरा त्यांच्याकडे आली. १९३२ पर्यंत त्यांनी ती सांभाळली.

त्यांच्या योजनेचे सूत्र सोपे होते: एका जातीचा बहर ओसरू लागताच दुसरीचा सुरू व्हावा. वर्षारंभी पिवळा टॅबेबुया आणि दक्षिण अमेरिकेतलाच नीलमोहर, पुढे सोनमोहर, उन्हाच्या ऐन तापात मादागास्करचा गुलमोहर आणि पावसाळा सरताना आफ्रिकेची पिचकारी. सूत्र सोपे असले, तरी त्यासाठी प्रत्येक जातीचे घड्याळ ठाऊक असावे लागते. कंदाचे घड्याळ थंडी मोजते. उष्ण प्रदेशातील वृक्षांच्या बाबतीत कोरडा काळ, दिवसाची लांबी आणि तापमान यांचे संकेत महत्त्वाचे ठरतात. शिवाय कंद लावणारा सहा महिन्यांत फूल पाहतो. वृक्ष लावणाऱ्याला अनेक वर्षे थांबावे लागते.

आज या आखणीचा पायाच हलतो आहे. हवामान बदलले की संकेत बदलतात, आणि संकेत बदलले की बहराची वेळ सरकू शकते. बहर सरकला, तर त्याच्या मधावर जगणाऱ्या कीटकांचे आणि पक्ष्यांचेही वेळापत्रक कोलमडू शकते. हा बदल ओळखायचा, तर आधीच्या नोंदी हव्यात. आठवणी पुरत नाहीत. ‘सीझनवॉच’ हा नागरिक-विज्ञान प्रकल्प २०१० पासून याच कामाला लागला आहे. देशभरातील विद्यार्थी आणि नागरिक आपापल्या झाडाची पालवी, फुले आणि फळे यांची नियमित नोंद त्यात करतात.

क्रुम्बीगल यांचे १९५६ मध्ये बंगळूरूतच निधन झाले. त्यांनी मांडलेले रंगांचे वेळापत्रक अजून रस्त्यारस्त्यांवर वाचता येते. ते किती सरकले, हे पुढच्या पिढीला सांगायचे असेल, तर घराजवळच्या एका झाडाला पहिले फूल कधी आले, ती तारीख लिहून ठेवण्यापासून प्रारंभ करता येईल.