चित्रीकरणासाठी घर देताना

दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र'ची सिद्धता केली ती दादरच्या आपल्या राहत्या बंगल्यातून. ३ मे १९१३ रोजी हा चित्रपट मुंबईच्या कोरोनेशन सिनेमागृहात प्रदर्शित झाला. तोवर त्या घराचा स्टुडिओ झाला होता आणि सरस्वतीबाई फाळके चित्रपटाच्या साऱ्या मंडळींच्या जेवणाखाणाची व्यवस्था पाहत होत्या. भारतीय चित्रपटाचा इतिहास असा एका घरापासून सुरू होतो. घरात कॅमेरा आला की घराचे घरपण काही काळ बाजूला ठेवावे लागते, हा धडाही तिथलाच.

गोरेगावची चित्रनगरी १९७७ मध्ये उभी राहिली. तरीही खऱ्या घराची मागणी कमी झालेली नाही. जिन्यावर पडणारे उन्हाचे कवडसे, वापराने गुळगुळीत झालेला उंबरठा, स्वयंपाकघरातली दाटी या गोष्टी सेटवर उभ्या करणे खर्चाचे असते आणि त्या पुरत्या साधतही नाहीत. म्हणूनच मढमधील बंगल्यांत मालिकांची चित्रीकरणे होतात. वाई परिसरात 'गंगाजल' (२००३) आणि 'स्वदेस' (२००४) चित्रित झाले. मेणवलीचा कृष्णाकाठचा घाट 'स्वदेस'मुळे देशभर पोहोचला. शहरांतील साध्या दोन-तीन खोल्यांच्या सदनिकांनाही जाहिराती, मालिका आणि वेबमालिकांसाठी विचारणा होते.

एका दिवसाच्या भाड्याचा आकडा ऐकून हरखून जाणे स्वाभाविक आहे. परंतु घरमालक या व्यवहारात केवळ चार भिंती देत नाही. घराची शिस्त, घरच्यांची विश्रांती आणि शेजाऱ्यांची सहनशीलताही तो भाड्याने देत असतो. म्हणून भाडे ठरवण्यापूर्वी घर कोणत्या अवस्थेत परत मिळणार, हे ठरले पाहिजे.

पाहणी आणि पहिली बोलणी

प्रथम येतो तो लोकेशन मॅनेजर किंवा मध्यस्थ. तो छायाचित्रे काढून नेतो. पसंती मिळाल्यास दिग्दर्शक, छायालेखक आणि कलादिग्दर्शक पाहणीसाठी येतात. या पाहणीला या क्षेत्रात 'रेकी' म्हणतात. घरमालकाने आपले प्रश्न याच वेळी विचारून घ्यावेत. किती माणसे येणार? शिफ्ट आठ तासांची की बारा तासांची? सामान मांडण्याचे आणि काढण्याचे दिवस किती? भिंतींना नवा रंग देणार का? पाऊस, धूर वा आगीचे दृश्य आहे का? घर पडद्यावर कोणाचे आणि कशाचे म्हणून दिसणार? आपल्या दिवाणखान्यात खुनाचा प्रसंग घडणार असेल, तर तो प्रथम पडद्यावर पाहण्याची पाळी आपल्यावर येऊ नये.

मध्यस्थाची दलाली कोण देणार, हेही तेव्हाच स्पष्ट करावे. घराची नोंदणी करण्यासाठी आगाऊ शुल्क मागणाऱ्यांपासून सावध राहावे. निर्मितीसंस्थेचे पत्र, तिचा जीएसटी क्रमांक आणि करारावर सही करणाऱ्याचे अधिकारपत्र पाहिल्याखेरीज घराची किल्ली देऊ नये.

करार लेखीच हवा

कायद्याच्या दृष्टीने असा व्यवहार बहुधा परवान्याच्या स्वरूपाचा असतो. इंडियन ईझमेंट्स अ‍ॅक्ट, १८८२ च्या ५२व्या कलमात परवान्याची व्याख्या आहे. दुसऱ्याच्या स्थावर मिळकतीत एरवी बेकायदा ठरणारी गोष्ट करण्याची मुभा, पण त्या मिळकतीत कोणताही हितसंबंध नाही, असे तिचे सार होय. आपण घर वापरू देत आहोत, घरात हक्क देत नाही, हे करारात स्वच्छ शब्दांत असावे. मालिकेसाठी अनेक महिने घर द्यायचे असल्यास कराराची नोंदणी आणि मुद्रांक शुल्क यांबाबत वकिलाचा सल्ला घेणे श्रेयस्कर.

करारात पुढील बाबी अवश्य असाव्यात : तारखा आणि दररोजची वेळ, शिफ्ट लांबल्यास तासागणिक ज्यादा दर, मांडणीच्या दिवसांचे भाडे, वापरायच्या आणि बंद ठेवायच्या खोल्या, माणसांची कमाल संख्या, चित्रीकरण रद्द झाल्यास द्यायची भरपाई, भाड्याहून वेगळी अनामत रक्कम, आणि माणसांना वा मालमत्तेला इजा झाल्यास निर्मितीसंस्थेची जबाबदारी. आपली गृहविमा पॉलिसी घराचा वापर राहण्यासाठी होतो असे गृहीत धरून दिलेली असते, त्यामुळे निर्मितीसंस्थेच्या विम्यात आपले घर अंतर्भूत आहे का, हे विचारावे.

'पॅचवर्क'चे कलम अनेकदा विसरले जाते. काही महिन्यांनी एखादा राहिलेला प्रसंग टिपण्यासाठी युनिट परत येते, तेव्हा भिंतीचा रंग आणि पडदे पूर्वीचेच लागतात. ते किती काळ तसेच ठेवायचे आणि परतीच्या दिवसाचा दर काय, हे आधी ठरले नसेल तर दोन्ही बाजूंना मनस्ताप होतो. उरलेले पैसे शेवटच्या दिवशी युनिट हलण्यापूर्वीच मिळावेत, अशी अट ठेवण्यात संकोच बाळगू नये.

सोसायटी आणि शेजार

सदनिका आपली असली तरी जिना, लिफ्ट, गच्ची, अंगण आणि वाहनतळ सोसायटीचे असतात. सदनिकेचा राहण्याव्यतिरिक्त वापर करायचा असल्यास समितीची लेखी पूर्वपरवानगी घ्यावी लागते. सामाईक जागेसाठी सोसायटी स्वतंत्र शुल्क मागू शकते; ती रक्कम निर्मितीसंस्थेने थेट सोसायटीकडे भरावी. घर दीर्घकाळ दिल्यास बिनभोगवटा शुल्काचा प्रश्न उद्भवू शकतो. राज्य शासनाच्या १ ऑगस्ट २००१ च्या आदेशानुसार हे शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक आकारता येत नाही.

परवानगीचा कागद हाती आला म्हणजे शेजार जिंकला, असे नाही. खालच्या मजल्यावर आजारी माणूस आहे का, समोरच्या घरात दहावी-बारावीचा विद्यार्थी आहे का, हे आपल्याला ठाऊक असते, युनिटला नसते. फेब्रुवारी-मार्चच्या परीक्षाकाळात चित्रीकरणाला नकार देणे हे पुष्कळदा शहाणपणाचे ठरते. युनिट दोन दिवसांत निघून जाते, शेजाऱ्यांशी मात्र जन्मभर गाठ असते.

वीज, आवाज आणि परवानग्या

चित्रीकरणाचे मोठे दिवे घरगुती वायरिंगवर लावू देऊ नयेत. त्यासाठी युनिटने स्वतःची जनरेटर व्हॅन आणावी. यात केवळ जळणाऱ्या तारांची भीती नाही. मंजूर कारणाहून वेगळ्या कारणासाठी वीज वापरणे हे विद्युत कायदा, २००३ च्या १२६व्या कलमाखाली अनधिकृत वापरात मोडते आणि त्याची आकारणी ग्राहकाच्या नावे होते.

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. रात्रीचे चित्रीकरण ठरवताना जनरेटर कुठे उभा राहणार, हे म्हणूनच महत्त्वाचे. रस्त्यावर गाड्या वा कॅमेरा लावायचा असल्यास पोलीस आणि महापालिका यांच्या परवानग्या निर्मितीसंस्थेने काढाव्यात आणि त्यांच्या प्रती घरमालकाला द्याव्यात.

जुन्या वाड्यांची गोष्ट आणखी नाजूक. माडीची लाकडी तक्तपोशी घरच्यांचा भार पेलते. कॅमेऱ्याची ट्रॉली, रूळ आणि तीस माणसे एकाच वेळी पेलेलच असे नाही. सागवानी खांबाला मारलेला खिळा काढता येतो, पण त्याचे भोक राहते. वाड्यात खिळे आणि ड्रिल यांना बंदी, माडीवरील माणसांची संख्या मर्यादित आणि देवघराला कुलूप, हे नियम लेखी असावेत.

कराचा हिशेब

चित्रीकरणाचे भाडे करपात्र असते. रोख रकमेचा आग्रह धरणाऱ्याला नकार द्यावा. बँकेमार्फत आलेला पैसाच पुढे वाद झाल्यास पुरावा ठरतो. निर्मितीसंस्थेने उद्गम कर कापला असल्यास त्याचे प्रमाणपत्र मागून घ्यावे. गावाकडची शेती वा शेतघर दिले, तर ते उत्पन्न शेतीचे म्हणून करमुक्त ठरेल, असा समज आढळतो. तो चुकीचा आहे. शेतजमिनीचा वा तिथल्या इमारतीचा शेतीखेरीज अन्य वापर करून मिळालेले उत्पन्न शेतीउत्पन्न नव्हे, हे प्राप्तिकर कायद्यात २००० च्या वित्त अधिनियमानेच स्पष्ट झाले. मिळकत कोणत्या शीर्षकाखाली दाखवायची, हे घर किती काळ आणि कोणत्या सेवांसह दिले यावर अवलंबून असल्याने सनदी लेखापालाला करार दाखवावा.

प्रसिद्धीचे ओझे

कॅमेरा गेला तरी काही घरांतली वर्दळ थांबत नाही. 'रात्रीस खेळ चाले' ही मालिका २०१६ मध्ये सुरू झाली आणि कुडाळ तालुक्यातील आकेरीचा वाडा पर्यटकांच्या यादीत जाऊन बसला. कौतुकाने आलेला प्रेक्षकही अंगणात शिरतोच. अमेरिकेतील अल्बुकर्क शहरात 'ब्रेकिंग बॅड' (२००८-१३) या मालिकेतील घराच्या छपरावर चाहते पिझ्झा फेकू लागले. अखेर २०१७ मध्ये तिथल्या मालकांनी घराभोवती कुंपण घालायला घेतले. म्हणून दारावरची पाटी, घराचा क्रमांक आणि रस्त्याचे नाव पडद्यावर दिसणार नाही, तसेच प्रसिद्धीत पत्ता दिला जाणार नाही, ही अट करारात घालावी. घरच्यांची छायाचित्रे भिंतीवरून आपण स्वतःच उतरवून ठेवावीत.

घर परत घेताना

युनिट येण्याच्या आदल्या दिवशी प्रत्येक खोलीचे तारखेसह चित्रण करावे. भिंती, फरशी, नळ, कपाटे, पंखे, सारे काही. मौल्यवान वस्तू आणि कागदपत्रे अन्यत्र हलवावीत. चित्रीकरणाच्या काळात घरातील एक जाणते माणूस तिथे हजर असावे. त्याने युनिटमधील एकाच जबाबदार व्यक्तीशी बोलावे. शेवटच्या दिवशी प्रॉडक्शन मॅनेजरसह खोली-खोली फिरून नुकसानीची यादी करावी, दोघांनी सह्या कराव्यात आणि मगच अनामत रक्कम परत करावी. रंग पूर्ववत करून द्यायचा असल्यास मूळ छटेचा क्रमांक आपल्याकडे असलेला बरा.

काही गोष्टी मात्र कोणत्याही यादीत मावत नाहीत. आजोबांची आरामखुर्ची, तुळशीवृंदावन, मुलांची उंची दरवर्षी टिपून ठेवलेली दाराची चौकट. कलादिग्दर्शकाच्या दृष्टीने त्या चौकटीवर रंगाचा एक हात पुरतो. तो हात फिरण्याआधी चौकट दाखवून 'इथे नाही' असे सांगण्याचे काम घरमालकाचेच आहे.