ग्रँबलिंगची खेळाडूभरती आणि एडी रॉबिन्सन (१९४१–१९९७)

अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलच्या इतिहासात लुइझियाना राज्यातील ग्रँबलिंगचे प्रशिक्षक एडी रॉबिन्सन (१९१९–२००७) यांचे नाव बहुधा दोन आकड्यांसह येते : ४०८ विजय, आणि व्यावसायिक संघांकडे गेलेले दोनशेंहून अधिक खेळाडू. (हा फुटबॉल आपल्या परिचयाचा नव्हे, लंबगोल चेंडू हाती घेऊन प्रतिपक्षाची फळी भेदण्याचा हा अमेरिकी खेळ होय.) पहिल्या आकड्याविषयी वाद नाही. दुसऱ्याचा अर्थ लावताना मात्र सावध राहिले पाहिजे. त्यात एका माणसाचे कर्तृत्व किती आणि वर्णविभक्त समाजरचनेने त्याच्या पदरात टाकलेले किती, हे वेगळे केल्याखेरीज त्या आकड्यावरून फारसे काही सिद्ध होत नाही.

रॉबिन्सन १९४१ मध्ये वयाच्या बाविसाव्या वर्षी ग्रँबलिंगला आले, तेव्हा त्या संस्थेचे नाव 'लुइझियाना निग्रो नॉर्मल अँड इंडस्ट्रियल इन्स्टिट्यूट' असे होते. वडील खंडकरी शेतकरी, आई घरकाम करणारी. स्वतः ते त्यापूर्वी पशुखाद्याच्या गिरणीत ताशी २५ सेंटांवर राबत होते. पहिल्या हंगामात तीन सामने जिंकले, पाच हरले. दुसऱ्या हंगामात, १९४२ मध्ये, नऊपैकी नऊ सामने जिंकले आणि प्रतिपक्षाला एकही गुण मिळू दिला नाही. युद्धामुळे पुढील दोन हंगाम संघच उभा राहिला नाही. दोन भावांना त्यांच्या वडिलांनी कापूसवेचणीसाठी घरी ठेवून घेतले, तेव्हा रॉबिन्सन सगळा संघ घेऊन शेतात गेले आणि कापूस वेचून देऊन दोघांना परत घेऊन आले, अशी एक कथा सांगतात. तपशिलात अतिशयोक्ती असली, तरी खेळाडू मिळवणे म्हणजे त्याच्या कुटुंबाची अडचण दूर करणे, ही त्या काळची वस्तुस्थिती तीत नेमकी उतरली आहे.

भरतीचा पाया संस्थेच्या स्वरूपातच होता. ग्रँबलिंग हे मूलतः शिक्षक घडविणारे विद्यालय. तेथून बाहेर पडलेले पदवीधर कृष्णवर्णीयांच्या स्वतंत्र माध्यमिक शाळांत शिक्षक व क्रीडाप्रशिक्षक होत, आणि आपल्या हाताखालचा होतकरू मुलगा ग्रँबलिंगकडे धाडीत. दक्षिणेतील बड्या श्वेतवर्णीय विद्यापीठांना तो मुलगा नकोच होता. १९४८ पासून कॉली निकल्सन या प्रसिद्धिप्रमुखाने कृष्णवर्णीय वृत्तपत्रांतून संघाची कीर्ती दूरवर नेली. पण मुख्य भिस्त या शिक्षकांवरच होती. अर्थात ही मक्तेदारी एकट्या ग्रँबलिंगची नव्हती. दक्षिणेतील इतर कृष्णवर्णीय महाविद्यालयांनाही ती लाभली होती. म्हणून केवळ तिच्यावरून ग्रँबलिंगचे वेगळेपण उलगडत नाही.

ते उलगडते खेळाडूंच्या घडणीत. पॉल 'टँक' यंगर हा टॅकल म्हणून आला. रॉबिन्सननी त्याला फुलबॅक केले. १९४९ च्या वार्षिक निवडीत एकाही व्यावसायिक संघाने त्याला निवडले नाही. लॉस एंजेलिस रॅम्सने त्याला निवडीबाहेरून करारबद्ध केले, आणि कृष्णवर्णीय महाविद्यालयातून त्या लीगमध्ये गेलेला तो पहिला खेळाडू ठरला. तू अपयशी ठरलास तर आपल्यातला सर्वोत्तमही अपुरा पडला असे म्हणायला ते मोकळे होतील, अशा आशयाची जाणीव रॉबिन्सननी त्याला दिली होती. विली डेव्हिसची १९५६ ची निवड पंधराव्या फेरीतली. विली ब्राउनला १९६३ मध्ये कोणीच निवडले नाही. दोघेही पुढे व्यावसायिक फुटबॉलच्या सन्मान-दालनात गेले. त्याच १९६३ च्या निवडीत बक ब्युकॅनन हा नव्या अमेरिकन लीगमध्ये सर्वांत प्रथम निवडला गेला, तर जुन्या नॅशनल लीगमध्ये त्याचा क्रमांक २६५ वा होता. एकाच खेळाडूच्या मूल्यमापनातील हे अंतर गुणांचे नव्हे, पाहणाऱ्यांच्या दृष्टीचे होते.

क्वार्टरबॅकचा प्रश्न याहून बिकट होता. संघाची सूत्रे हलविणारे हे स्थान. त्याला लागणारी बुद्धी कृष्णवर्णीयांत नाही असा समज व्यावसायिक संघांत रूढ होता, आणि महाविद्यालयातील अशा खेळाडूला तेथे सर्रास दुसऱ्या स्थानी हलवीत. रॉबिन्सननी जेम्स हॅरिसला जाणीवपूर्वक व्यावसायिक पद्धतीच्या खेळासाठी तयार केले, आणि स्थान बदलावयाचे नाही हेही दोघांत ठरले. याचा परिणाम म्हणून १९६९ मध्ये त्याची निवड आठव्या फेरीपर्यंत लांबली. तरीही बफेलोच्या संघाने त्या हंगामाचा पहिलाच सामना त्याच्या हाती सोपविला.

परंतु त्याच सुमारास पायाखालची जमीन सरकू लागली होती. ऑक्टोबर १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील वर्णविभाजन तत्काळ संपविण्याचा आदेश दिला. शाळा एकत्र झाल्या तेव्हा पुष्कळ ठिकाणी कृष्णवर्णीय मुख्याध्यापक व प्रशिक्षकच पदावनत झाले किंवा नोकरीस मुकले. म्हणजे ग्रँबलिंगला मुले धाडणारी साखळीच तुटली. १९७० च्या दशकाच्या आरंभी अलाबामा आणि लुइझियाना स्टेट या विद्यापीठांनी कृष्णवर्णीय खेळाडू घेण्यास प्रारंभ केला. यंगर, डेव्हिस आणि ब्युकॅनन यांनी व्यावसायिक मैदानांवर जे सिद्ध केले, त्याचा या बदलाला हातभार लागला असेल, तर रॉबिन्सन यांच्या यशानेच त्यांचे भरतीक्षेत्र आकुंचित केले असे म्हणावे लागते. कृष्णवर्णीय महाविद्यालयांच्या ऱ्हासाची चर्चा बहुधा पैसा आणि दूरचित्रवाणी यांच्याभोवती फिरते. शाळांतील प्रशिक्षकांच्या विस्थापनाकडे तीत पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही.

क्वार्टरबॅकच्या बाबतीत मात्र जुना पूर्वग्रह अधिक काळ टिकला. टेनेसी विद्यापीठाने कॉन्ड्रेज हॉलोवेला ते स्थान दिले खरे, पण १९७५ च्या व्यावसायिक निवडीत त्याला बचावफळीसाठी घेतले गेले, आणि तो कॅनडात खेळावयास गेला. त्यामुळे या एका स्थानापुरती ग्रँबलिंगची ओढ कायम राहिली. लुइझियाना स्टेटपासून फार दूर नसलेल्या झॅकरी गावचा डग विल्यम्स ग्रँबलिंगलाच आला. १९७८ मध्ये तो पहिल्याच फेरीत निवडला गेला, आणि ३१ जानेवारी १९८८ रोजी वॉशिंग्टनने डेन्व्हरवर ४२–१० असा विजय मिळविला त्या सुपर बोलमध्ये तो सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला.

५ ऑक्टोबर १९८५ रोजी रॉबिन्सननी ३२४ वा विजय मिळवून अलाबामाच्या बेअर ब्रायंटचा विक्रम मोडला. तथापि अखेरचे तिन्ही हंगाम पराभवाचे गेले. १९९७ चा शेवटचा हंगाम तीन विजय आणि आठ पराभव असा संपला. पुढील वर्षी त्यांच्या जागी डग विल्यम्सची नियुक्ती झाली, आणि २००० पासून सलग तीन वर्षे ग्रँबलिंगने आपल्या परिषदेचे अजिंक्यपद मिळविले.